शेतातला कार्बन : आला किती, राहिला किती

उसाचं पीक हवेतून किती कार्बन ओढून घेतं, हे सांगून कुणालाही चकित करता येतं. एकरी ४० टन ऊस धरा. फार कौतुकाचं नाही आणि लाजिरवाणंही नाही असं हे उत्पादन. तो पूर्ण वाळवला तर १२ टनांच्या आसपास भरेल. त्यात ४ टन पाचट मिळवा. या १६ टन कोरड्या मालात जवळपास ७ टन कार्बन असतो, आणि ७ टन कार्बन म्हणजे २५ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. एवढा वायू एका एकराने एका पिकात हवेतून काढून घेतला. शेतकरी मेळाव्यात हा आकडा सांगितला की टाळ्या पडतात, आणि मग याचे पैसे आम्हाला कधी मिळणार, असं कुणीतरी विचारतंच.

टाळ्या थांबल्यावर त्या कार्बनचं पुढे काय झालं ते बघू. तोडणी झाली, टोळी पुढच्या फडात गेली आणि मागे पाचटाला काडी लागली. उसाचा चोथा कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळून त्याची वाफ आणि वीज झाली. मळीचं इथेनॉल झालं, ते पेट्रोलमध्ये मिसळून कुणाच्या तरी गाडीच्या धुरात गेलं. साखर चहात पडली आणि पिणाऱ्याच्या श्वासातून बाहेर आली. पुढचं गाळप सुरू होईपर्यंत यातला बहुतेक कार्बन जिथून आला तिथे परत गेलेला असतो. शेतात राहिली ती मुळं, बुडखे आणि जमिनीत मुरलेला थोडासा भाग. या पुस्तकाचा विषय तो थोडासा भाग आहे. तो किती आहे, किती टिकतो, कशाने वाढतो, आणि तो वाढवण्याच्या खटपटीत आपण दुसऱ्या बाजूने किती वायू हवेत सोडतो, याचा हा जमाखर्च.

पिकाचं शोषण म्हणजेच शेताची साठवण असं मानण्याची चूक फक्त मेळाव्यातले वक्ते करत नाहीत. चीनमध्ये प्रांतवार शेतीच्या कार्बनवर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच निबंधांची रीत ठरलेली आहे : पिकाचं उत्पादन घ्यायचं, त्यावरून धान्य, काड आणि मुळं मिळून एकूण वाढ काढायची, तिला कार्बनच्या प्रमाणाने गुणायचं आणि याला ‘शोषण’ म्हणायचं. दुसऱ्या बाजूला खत, डिझेल, कीटकनाशकं, प्लास्टिक आणि सिंचनाचं उत्सर्जन मांडायचं. वजाबाकी केली की शेती जवळजवळ नेहमीच फायद्यात दिसते. दिसणारच. भाताची लोंबी वाढली की जमा वाढते, मग तो भात कुणी आठवड्यात शिजवून खाल्ला तरी हिशेबाला त्याचं काही नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या मार्गदर्शक सूचना, ज्यांच्या आधारे देश आपापला उत्सर्जनाचा हिशेब संयुक्त राष्ट्रांकडे देतात, त्या इथे जास्त कडक आहेत. वार्षिक पिकांत वर्षभरात जेवढं वाढलं तेवढं त्याच वर्षी गेलं असं धरा, असं त्या सांगतात. जमा धरायची ती जमिनीतल्या आणि झाडांच्या खोडातल्या साठ्यात पडलेल्या फरकाची. मला ही दुसरी रीत रुक्ष पण खरी वाटते, आणि पुस्तकभर तीच वापरली आहे.

हवेतून पानात आलेल्या कार्बनपैकी साधारण निम्मा रोप स्वतःच्या श्वसनात खर्च करतं. उरलेल्याची वाढ होते. त्यातलं धान्य, कापूस, ऊस, कडबा असं बरंच काही शेताबाहेर जातं. जे मागे राहतं त्यावर जिवाणू, बुरश्या, वाळवी, गांडुळं तुटून पडतात, आणि त्यांच्या श्वसनातून त्यातलाही बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. जिवाणूंच्या मेलेल्या पेशी, त्यांचा चिकट स्राव, अर्धवट कुजलेला काडीकचरा, हे मातीच्या बारीक कणांना चिकटून बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं, काही वेळा शतकानुशतकं राहतं. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून जो आकडा येतो तो याचा. जगभरच्या जमिनींच्या वरच्या मीटरभर थरात असा सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन आहे असं मानतात. वातावरणातल्या कार्बनपेक्षा हा साठा खूप मोठा आहे, म्हणून त्यातला अल्पसा फरकही महत्त्वाचा ठरतो, कुठल्याही दिशेने पडला तरी.

आता आपल्या मातीकडे येऊ. काळी जमीन काळी आहे म्हणजे ती कर्बाने भरलेली आहे असा एक पक्का समज आहे. प्रत्यक्षात विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी काळ्याभोर रानांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असतो, म्हणजे परीक्षणाच्या देशभर रूढ प्रतवारीत ‘कमी’ किंवा जेमतेम ‘मध्यम’. तो काळा रंग बेसॉल्टपासून बनलेल्या चिकणमातीशी घट्ट जखडलेल्या थोड्याशा कर्बाचा आणि खनिजांचा आहे. उलट कोकणातली तांबडी जांभ्याची माती, जिला देशावरचा माणूस हलकी म्हणून नाक मुरडतो, तिच्यात कर्ब पुष्कळदा एक टक्क्याच्या वर निघतो. भरपूर पाऊस, झाडोरा, आम्लता, आणि कर्बाला घट्ट धरून ठेवणारी लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, अशी तिथली कारणं आहेत. यातून तांबडी माती काळीहून सुपीक ठरत नाही. ठरतं ते एवढंच की रंग बघून हिशेब करू नये.

काळ्या मातीला एक देणगी मात्र आहे. उन्हाळ्यात ती हात-हातभर खोल भेगाळते, पृष्ठभागावरचा पालापाचोळा आणि भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, आणि पावसात माती फुगली की हे सगळं आत बंद होतं. माणसाने नांगर लावला नाही तरी ही जमीन स्वतःला उलथत असते. त्यामुळे तिच्यातला कर्ब वरच्या वीतभर थरापुरता नसतो, आणि फक्त वरचा १५ सेंटिमीटरचा नमुना घेऊन तिचा कार्बन मोजणं म्हणजे अर्धवट मोजणं.

शेतातला कर्ब मुळात आला कुठून, याचं एक उत्तर जोतीराव फुल्यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच देऊन ठेवलं आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे सामाजिक अन्यायाचं पुस्तक म्हणून आपण वाचतो. त्यातली जमिनीची समज नजरेआड होते. डोंगरावरची पानं-फुलं, मेलेले किडे आणि जनावरं कुजून त्यांचं सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत येत असे, आणि डोंगर-कुरणं सरकारच्या जंगलखात्याने आवळल्यावर शेतकऱ्याची जनावरं आणि त्याचं खत दोन्ही आटलं, हे त्यांनी नेमकं टिपलं आहे. पाणी अडवून मुरवणाऱ्या ताली-बंधाऱ्यांची मागणीही तिथेच आहे. शेताचा कार्बन शेताच्या हद्दीत जन्मत नाही, त्याच्या मागे डोंगर, गायरान आणि गोठा असतो, हे आजच्या कित्येक अहवालांतून सुटलेलं सूत्र त्यात सापडतं.

पुढच्या काळातली घसरण जास्त परिचयाची आहे. जिथे ज्वारी होती तिथे सोयाबीन आलं. ज्वारीचा कडबा जनावराच्या पोटातून शेणखत होऊन परतायचा आणि तिची धसकटं-मुळं रानातच राहायची. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत निघतं, पानं आधीच गळलेली असतात, मळणीनंतरचं कुटार कमी आणि मुळांचा पसारा त्याहून कमी. बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि रोटाव्हेटरने माती इतकी बारीक करायची सवय लागली की ढेकळांच्या आत सुरक्षित असलेला कर्ब जिवाणूंसमोर उघडा पडला. कापसाच्या पट्ट्यात गोष्ट आणखी अवघड आहे. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर हंगाम वेळेत संपवा, पऱ्हाटी रानात उभी ठेवू नका, हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो बरोबर आहे. पण उपटलेल्या पऱ्हाटीचं काय करायचं याचं सोपं उत्तर, ज्याला कुटी यंत्र परवडत नाही त्याच्याकडे, एकच असतं : बांधावर ढीग आणि आगपेटी. किडीचं शास्त्र आणि मातीचं शास्त्र इथे समोरासमोर उभं राहतं. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही.

आकडेमोडीचा एक तुकडा इथेच करतो, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ८०० टन माती असते. तिच्यातला कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा, म्हणजे ०.५ चा ०.६ करायचा, तर ८०० किलो कार्बन तिथे कायम बसवावा लागतो. उसाच्या एकरातलं ४ टन पाचट न जाळता सरीत कुजवलं तर त्यातून साधारण १,६०० किलो कार्बन जमिनीला मिळतो. आपल्या उष्ण हवेत वर्ष-दोन वर्षांनंतर त्यातला दहा ते वीस टक्के टिकला असं धरू : १६० ते ३२० किलो. पण जमिनीत आधीच असलेला ४ टन कर्बही दरवर्षी थोडा-थोडा जळत असतो. दोन टक्के धरले तरी ८० किलो गेले. निव्वळ शिल्लक ८० ते २४० किलो. म्हणजे तो ०.१ टक्का गाठायला नीट पाचट ठेवणाऱ्यालाही तीन-साडेतीन ते दहा वर्षं लागतात. ‘एका हंगामात कर्ब दुप्पट’ अशी जाहिरात करणारी बाटली दुकानात दिसली तर हे गणित आठवावं.

याला आणखी एक पदर आहे, तो फारसा सांगितला जात नाही. जमिनीत टिकणाऱ्या सेंद्रिय पदार्थात कार्बन आणि नत्र यांचं प्रमाण साधारण १० ते १२ ला १ असं असतं. ८०० किलो कार्बन बसवायचा तर त्याच्याबरोबर ७० ते ८० किलो नत्रही अडकवावं लागतं. नुसतं काड टाकून कर्ब वाढत नाही, पीक उलट पिवळं पडतं, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. पाचटावर थोडा युरिया आणि कुजवणारे जिवाणू टाका, ही शिफारस या कारणाने केली जाते. ताग-धैंचा गाडणं किंवा तुरीसारखं द्विदल पीक फेरपालटात ठेवणं हा त्याचाच स्वस्त मार्ग आहे.

कर्ब वाढू शकतो याचा सगळ्यात जुना पुरावा इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला आहे. तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग अखंड चालू आहे. ज्या पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळतं तिथला कर्ब दुपटीहून अधिक झाला आहे. पण वाढीचा वेग पहिल्या काही दशकांत होता. नंतर ती मंदावली, कारण जितका साठा मोठा तितकं त्याचं जळणंही मोठं, आणि एका टप्प्यावर जमा-नावे जुळतात. म्हणजे जमिनीची साठवण अमर्याद नाही, आणि खत थांबलं की ती उतरू लागते.

त्याहून मोठा प्रश्न आहे तो ३५ टनांचा. एवढं शेणखत आलं कुठून? ते ज्या गवतातून, ज्या काडातून बनलं ती दुसरी जमीन होती. आपल्याकडे ज्याच्याकडे पैसा आहे तो बागायतदार कोरडवाहू गावातून शेणखताच्या ट्रॉल्या विकत आणतो. त्याचा कर्ब वाढतो, तिकडचा घटतो, आणि हवेच्या दृष्टीने काहीच घडत नाही. धनगराच्या मेंढ्या रात्री रानात बसवण्याची जुनी रीतही हेच करते : माळरानावर दिवसभर चरलेलं रात्री शेतात उतरतं. शेतकऱ्यासाठी ती उत्तम रीत आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली आहे. वातावरणाच्या हिशेबात मात्र ती बदली आहे, भर नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर सगळी चर्चा गढूळ होते, आणि आजची बरीचशी चर्चा गढूळ आहे.

कंपोस्टची गोष्ट निघाली की इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डचं नाव येतं. १९२४ मध्ये तो होळकरांच्या इंदुरात गेला आणि तिथल्या संस्थेत ‘इंदूर पद्धत’ आकाराला आली. ती जगासमोर मांडणाऱ्या १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या मराठी सभांमध्ये ते जवळपास ऐकूच येत नाही. त्यांच्या पद्धतीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग ढीग उलटण्याचा आहे. हवा खेळली की कुजणं नीट होतं. याउलट घरामागचा उकिरडा, पावसात चिंब आणि आत गच्च, हवेअभावी मिथेन सोडतो आणि नत्रही गमावतो. उकिरड्यावर छप्पर घालणं हा हवामानासाठीचा उपाय म्हणून कुणी सांगत नाही, सांगायला हवा.

आता नावेची बाजू. देशाने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या २०२० च्या हिशेबात एकूण उत्सर्जनापैकी शेतीचा वाटा १४ टक्क्यांच्या जवळ आहे. त्यात निम्म्याहून जास्त भाग गुराढोरांच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा, मग भातखाचरांचा आणि खतं घातलेल्या जमिनीचा. ट्रॅक्टरचं डिझेल आणि पंपाची वीज यात धरत नाहीत, ती ऊर्जेच्या खात्यात जाते. शेतकऱ्याने मात्र ती आपल्याच खात्यात धरावी. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर तीस युनिट वीज जाते, आणि आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो : वीस किलोंहून अधिक, एका दिवसाच्या पाण्याला.

युरियाची एक गोणी घ्या, ४५ किलोंची. तिच्यात २०.७ किलो नत्र असतं. जमिनीत पडलेल्या नत्रापैकी साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो असं जागतिक सरासरीने धरतात. कोरड्या हवेत कमी, ओल्या हवेत जास्त. तो एक टक्का म्हणजे या वायूचे सव्वातीनशे ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, म्हणून त्या सव्वातीनशे ग्रॅमचे होतात जवळपास ८९ किलो. शिवाय युरियाच्या रेणूतच कार्बन असतो. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनताना निघालेला कार्बन डायऑक्साइड पकडून तो युरियात गुंफला जातो. शेतात पडल्यावर काही दिवसांत मातीतलं विकर तो मोकळा करतं. गोणीमागे ते आणखी ३३ किलो. कारखान्यातलं इंधन वेगळं.

या एका गोणीचा हिशेब मागच्या पाचटाच्या हिशेबाशेजारी ठेवून बघा. पाचट ठेवून वर्षाला एकरी समजा १०० किलो कार्बन साठला, म्हणजे ३६७ किलो कार्बन डायऑक्साइड, तर तीन गोण्या युरिया त्याला पुसून टाकतात. आणि उसाला तीन गोण्यांवर थांबणारा शेतकरी विरळा. म्हणून माझ्या मते महाराष्ट्राच्या बागायती पट्ट्यात हवामानासाठी सगळ्यात फायद्याचं काम युरियाची मात्रा आणि वेळ सुधारण्याचं आहे. कर्ब साठवणं त्याच्या मागोमाग. जोराच्या पावसाआधी फेकलेला युरिया काळ्या जमिनीत सगळ्यात वाईट : वाफसा जातो, मातीतली हवा संपते, आणि जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरायला लागतात. तीच मात्रा ठिबकमधून हप्त्यांनी दिली तर पैसा वाचतो आणि वायूही कमी निघतो. कर्ब साठायला दहा वर्षं लागतात. न घातलेल्या गोणीचा फायदा त्याच हंगामात जमा होतो आणि तो कुणी परत घेऊ शकत नाही.

भाताचा मिथेन हा वेगळाच विषय. खाचरात पाणी साचलं की चिखलात हवा उरत नाही, तिथले जिवाणू मिथेन बनवतात, आणि तो भाताच्या रोपातल्याच पोकळ नळ्यांतून वर येतो. पाणी आलटून-पालटून सुकू दिलं, पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेली की मगच पुन्हा भरलं, तर मिथेन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटतो. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुजवलेली ही पद्धत भंडारा-गोंदियात, जिथे मामा (माजी मालगुजारी) तलावाचं किंवा कालव्याचं पाणी हातात आहे, तिथे शिकण्यासारखी आहे. जुलैतल्या कोकणात ती सांगणं म्हणजे विनोद. तिथे खाचर सुकवण्याचा निर्णय शेतकऱ्याचा नसतो. कोकणासाठी प्रश्न चिखलणीचा आणि राबाचा, म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून भाजण्याचा. राब भाजण्यावर आज धुराच्या कारणाने टीका होते, पण ही रीत आळसातून आली नव्हती. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांनी राबाच्या हक्कासाठी वनखात्याशी भांडण मांडलं, आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या वन आयोगापुढे ते गेलं होतं. तणाचं बी मारणं, रोपाला लगेच लागू होणारी राख देणं, ही कामं राब करतो. त्याला पर्याय देताना ही दोन्ही कामं दुसरं कोण करणार ते सांगावं लागतं.

नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांची ‘सगुणा राइस टेक्निक’ हा असा एक पर्याय आहे. कायमचे गादीवाफे, नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर उसात आणि इतर पिकांत नांगर सोडून देण्याचा आग्रह कित्येक वर्षं धरत आले आहेत. दोघांच्याही मार्गात तणनाशकाची मदत आहे, त्यामुळे सेंद्रियवाल्यांशी त्यांचे खटके उडतात. या शेतकऱ्यांनी जमिनीचा पोत सुधारून दाखवला, यात मला शंका वाटत नाही. शंका वाटते ती त्यावर चढवल्या जाणाऱ्या कार्बनच्या आकड्यांची. नांगर थांबला की कर्ब वरच्या थरात गोळा होतो, खालच्या थरात कधी तितकाच कमी होतो. उथळ नमुना घेतला तर सगळा फायदाच दिसतो. खोल नमुन्यांच्या अभ्यासांत हा फायदा बऱ्याचदा आक्रसतो.

मोजण्याचंच अवघड आहे. आपल्या प्रयोगशाळांतली रीत वॉकली आणि ब्लॅक यांची, १९३४ मधली. तीत सगळा कर्ब जळत नाही, तीन चतुर्थांशाच्या आसपास सापडतो, मग १.३ ने गुणून भरपाई करतात. एकाच रानात गोठ्याजवळचा कोपरा आणि वरचा मुरमाड तुकडा यांत जो फरक असतो तो दहा वर्षांच्या सुधारणेपेक्षा मोठा निघतो. काळी माती ओली असताना फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे १५ सेंटिमीटरमध्ये माती किती किलो, हेही ऋतूवर ठरतं. त्यात चुनखडी. पावसाच्या कमी पट्ट्यातल्या काळ्या जमिनींत कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात पुष्कळ असेंद्रिय कार्बन असतो, आणि तो बघून काही जण हरखतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मात्र दाखवून दिलं आहे की कोरड्या हवेत जमिनीत नव्याने चुनखडी साचणं हे ती बिघडत चालल्याचं चिन्ह आहे. सोडियम वाढतो, पाणी मुरेनासं होतं.

दगडाचा एक उपयोग मात्र नवा आहे. बेसॉल्टची बारीक भुकटी शेतात टाकली तर ती झिजताना पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन जातो आणि हजारो वर्षं परतत नाही. मध्य भारतातल्या भात-उत्पादकांच्या शेतांत दख्खनच्याच काळ्या दगडाची भुकटी टाकणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचं पाच कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. सह्याद्री ज्या दगडाचा आहे त्याच दगडाची ही गोष्ट, त्यामुळे आपल्याला कुतूहल असणारच. मी अजून सावध आहे. किती दगड किती वेगाने झिजला हे शेताच्या पाण्यातून सिद्ध करणं सोपं नाही.

झाडांचं मात्र सोपं. वाळलेल्या लाकडाचा जवळपास निम्मा भाग कार्बन, घेर मोजला की अंदाज बांधता येतो. १९९० पासून रोजगार हमीतून उभ्या राहिलेल्या फळबागांनी महाराष्ट्राच्या शेतांत किती लाकूड उभं केलं याचा विचार क्वचित होतो. बांधावरचं गिरिपुष्प तर खत आणि साठवण दोन्ही देतं. फक्त आधी तिथे काय होतं ते विचारायचं. कोकणात खाजगी जंगल तोडून लावलेली काजूची बाग कोवळ्या वयात हिरवीगार दिसते, आणि तोडलेल्या किंजळ-ऐनाचा हिशेब कुठेच नसतो.

हे सगळं समजून घेण्याची निकड आत्ता वाढली आहे, कारण बाजार दारात आला आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि गावोगाव मोबाइलवर करार दाखवणारी माणसं फिरू लागली आहेत. मागचंच उदाहरण घ्या : एकरी वर्षाला ३६७ किलो. टनाला हजार रुपये मिळाले असं मानलं तर हातात एकरी पावणेचारशेही येत नाहीत, आणि त्यातून नमुने, पडताळणी व मध्यस्थ यांचा वाटा जायचा असतो. बदल्यात बांधिलकी कित्येक वर्षांची, काही कार्यपद्धतींत दशकांची. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो पुण्यात, कसणारा खंडाने घेऊन दरवर्षी नवा. पाचट न जाळण्याचं वचन कुणी कुणाच्या वतीने द्यायचं? भावाभावांत वाटणी झाली, एकाने आपला तुकडा नांगरून मोसंबी काढून टाकली, तर साठलेला कार्बन परत करायची जबाबदारी कुणावर? करारांत यांची उत्तरं बहुधा बारीक अक्षरात असतात आणि मराठीत नसतात.

कर्ब वाढवण्याची शेतकऱ्याची स्वतःची कारणं या पैशापेक्षा बळकट आहेत. काळ्या जमिनीत पाणी धरून ठेवण्याचं काम मुख्यतः चिकणमाती करते, कर्बाने त्यात थोडीच भर पडते. पण पहिला पाऊस वाहून जाण्याऐवजी मुरतो, मोठ्या पावसानंतर वाफसा लवकर येतो, मशागतीला डिझेल कमी लागतं. राज्यातली चार पंचमांश शेती कोरडवाहू आहे. तिथे पेरणीनंतर महिनाभर पाऊस दडी मारतो तेव्हा या फरकावर दुबार पेरणी टळते किंवा टळत नाही.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. आधी नमुना कुठे, किती खोल, कुठल्या महिन्यात घ्यायचा याचं प्रकरण, कारण ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मग काळी जमीन, जांभा आणि नदीकाठची पोयट्याची जमीन स्वतंत्रपणे. त्यानंतर नत्र, पाणी आणि जनावरं. करारांवरचं प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. ज्यांच्यासमोर आत्ताच कागद सहीला आला आहे त्यांनी ते आधी वाचावं, आणि वाचून होईपर्यंत सही करू नये.